पेडल दगड झालं होतं

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, शेवटच्या आजारपणात झोपेत ब्रेक दाबायचे. दुपारी जेवून डोळा लागला की उजवा पाय ताठ व्हायचा आणि पलंगाच्या पायथ्याची फळी रेटायला लागायचा. असा रेटायचा की फळीचे खिळे ढिले व्हायचे, मी ते पुन्हा ठोकून बसवायचे. त्याच वेळी डावा हात वर उठायचा, हवेत काहीतरी चाचपायचा, चिमटीत धरायचा आणि पिरगळायचा. पुन्हा पुन्हा. आईला वाटायचं पाण्याचा तांब्या शोधतायत. ती तांब्या हातात द्यायची, ते ढकलून द्यायचे. पाय ब्रेकवर आहे हे आम्हाला कळत होतं. हाताचं काही कळत नव्हतं.

पायाचं कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मी बारावीला असताना नाना आणि त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका, टोमॅटोचे कॅरेट पिकअपमध्ये भरून पहाटे निघाले होते. आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. सुरगाण्याकडच्या घाटात उतारावर एका वळणाला गाडी वळलीच नाही, सरळ गेली आणि खालच्या सागाला जाऊन आदळली. स्टिअरिंगवर नाना होते. ते वाचले. शेजारी बसलेले काका गेले.

नानांनी त्यावर जन्मभर एकच वाक्य सांगितलं. "पेडल दगड झालं होतं." पोलिसांना तेच, आईला तेच, भेटायला आलेल्यांना तेच. पण गाडी तपासायला जो माणूस आला त्यानं ब्रेक दाबून बघितला, नळ्या बघितल्या, आणि ब्रेक शाबूत आहे म्हणाला. झालं! पहाटेची वेळ, उतार, ब्रेक शाबूत. गावानं ठरवून टाकलं की नानांना डोळा लागला. लोकांच्या तोंडाला काय हो, कुलूप थोडंच असतं.

लोकांचं मी मनावर घेतलं नसतं. पण तेराव्याला काकू भर अंगणात उभी राहिली आणि नानांना म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला डोळा लागला व्हता. एकदा कबूल करा. माझं एवढंच मागणं हाय." नाना खाली मान घालून म्हणाले, "पेडल दगड झालं होतं." त्या दिवसापासून काकू त्यांच्याशी बोलली नाही. आमची आणि तिची घरं एका भिंतीची. तिच्या चुलीवरची फोडणी आमच्या घरात ठसका आणायची, इतकं जवळ. पण नाना दिसले की ती तोंड फिरवायची. नाना हंगामातलं पहिलं जे काही निघेल, टोमॅटो, घेवडा, द्राक्षं, त्यातलं तिच्या ओट्यावर नेऊन ठेवायचे आणि काही न बोलता परत यायचे. ती ते आत घ्यायची. पण एक शब्द नाही. माझ्याशी बोलायची, आईशी बोलायची, नानांशी नाही.

माझा राग तेव्हापासूनचा. राग आमच्या घराण्यात नाकावरच असतो, पण हा वेगळा, आत मुरलेला. मला काकूच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, की नाना झोपले नव्हते. बाकी मला तिच्याकडून काही नको होतं.

नानांच्या शेवटच्या दिवसांत ती एकदा आली. सगळ्यांना नवल वाटलं. नाना झोपलेले होते, पाय फळीला लागलेला, डावा हात हवेत पिरगळत होता. काकू उंबऱ्यातच थबकली. त्या हाताकडे बघत राहिली, बघत राहिली, मग पुढे आली, तो हात दोन्ही हातांनी धरला, खाली अंथरुणावर ठेवला, दाबून धरला. ओठ हलले तिचे. पण शब्द काही बाहेर पडला नाही, आणि ती पदर तोंडाला लावून निघून गेली. आई म्हणाली, "मरणाऱ्याशीसुद्धा नाही बोलली गं ही." माझ्या तर डोक्यात अशी तिडीक गेली की त्या दिवशी मी तिच्याकडचं ताकही प्यायले नाही.

पिकअप नानांनी विकली नाही आणि चालवलीही नाही. पत्रे सरळ करून घेतले, रंग मारला आणि गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली लावून ठेवली. दसऱ्याला धुवायचे, झेंडूची माळ घालायचे, पण स्वतः चावी लावायचे नाहीत. शेजारचा कुणी पोरगा आठवड्यातून एकदा इंजिन फिरवून द्यायचा. ते गेल्यावर शेत माझ्याकडे आलं आणि गाडीही. मी चालवायला घेतली तेव्हा आई म्हणाली, "तुला भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "भीती वाटून माल मार्केट यार्डात जाणार आहे का?"

खरं सांगू? वाटायची. शेजारच्या सीटवर मी कुणाला बसवत नसे. वळणावर ती सीट करकरायची, रिकामी असताना. स्प्रिंग जुनी झाली की तसं होतंच, मला कळतं. तरी मी त्या सीटवर माझी पिशवी ठेवायचे, जेवणाचा डबा ठेवायचे, म्हणजे करकरायला काहीतरी कारण राहील. एकदा वणीकडून येताना उतारावर क्लच दाबला, इंजिनाचा आवाज खाली बसला, खिडकीतून नुसता वारा ऐकू यायला लागला, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. का आला ते कळेना. गाडी बाजूला घेतली आणि घाम पुसत बसले. तो नुसत्या वाऱ्याचा आवाज मी आधी कुठेतरी ऐकला होता.

माल भरला की ब्रेक उशिरा लागायचा, म्हणून गाडी नाशिकला द्वारकेजवळच्या एका गॅरेजला नेली. तिथले मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणजे तोंडाचा पट्टा. बोनेट उघडायच्या आधी म्हणाले, "ताई, गाडी तुम्ही चालवता?"

"नाही, गाडी मला चालवते. काम बघा."

"अरे बापरे, ब्रेक ताईंच्या जिभेलाच बसवायला पाहिजे आधी!" आणि स्वतःच हसले.

त्यांनी बूस्टर दाखवला. पातेल्याएवढा पत्र्याचा काळा डबा, ड्रायव्हरच्या पायांसमोरच्या भिंतीवर बसवलेला. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं, आत रबराचा पडदा असतो, आणि त्या ओढीचा जोर आपल्या पायाला मिळतो, म्हणून एवढी जड गाडी एका पायानं थांबते. आमचा जुन्या जमान्यातला, लहान. चाचा म्हणाले, नव्या मॉडेलचा डबल पडद्याचा बसवू, ब्रेकचं तेल ढकलणारा सिलिंडरही त्याच्याच जोडीचा घालू, मग घाटात काळजी नको.

मी म्हटलं, "बसवा. पण जुना माझ्यासमोर फोडायचा. आतलं रबर मला बघायचंय."

आणि मग त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. घाट, काका, पेडल. चाचांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "दगड झालं म्हणाले? मग रबर फाटलेलं असणार. बारीक फाटतं ते, कधी धरतं कधी सोडतं, तपासणीत सापडत नाही. पैज लावा माझ्याशी!"

माझ्या मनात तेच होतं, कितीतरी वर्षांपासून. ते फाटलेलं रबर नेऊन काकूच्या ओट्यावर आपटायचं. हे बघ, म्हणायचं. बघ, आणि आता म्हण.

चाचा ड्रायव्हरच्या पायांच्या जागेत पाठीवर झोपून आत घुसले. पेडलची पिन काढली, नट सोडवले, पुढून सिलिंडर बाजूला केला आणि डबा उपसून बाहेर आणला. छिन्नीनं कड उचकटत गेले. झाकण निघालं तेव्हा मी वाकून आत बघितलं.

रबर अख्खं होतं.

चाचांनी ते सूर्यासमोर धरलं, ताणलं, उलटं केलं. त्यात पाणी ओतलं आणि वर धरलं. एक थेंब गळला नाही. "हे तर लोण्यासारखं आहे," ते हळूच म्हणाले. "पैज हरलो, ताई."

"म्हणजे माझा बाप खोटं बोलला?" मी ओरडलेच त्यांच्यावर, जसं काही त्यांनीच रबर शिवून ठेवलं होतं. "मरेपर्यंत खोटं बोलला?" त्यांनी टायरवरचा धुरळा झटकला, मला बसायला सांगितलं आणि चहा मागवला. मी तो तसाच गार होऊ दिला. एवढी वर्षं मी काकूचा राग राग केला, आणि खरं तीच बोलत होती की काय, हेच डोक्यात फिरत राहिलं.

नवा डबा बसायला दुपार गेली. समोशाच्या गाडीवरून चाचांनी मैद्याची गोळी मागून आणली, बूस्टरच्या दांडीच्या टोकाला चिकटवून सिलिंडर दाबून बघितला आणि गोळी किती चेपली त्यावरून फट जमवली. दांडी लांब राहिली तर ब्रेक धरून ठेवतो म्हणे. मग ब्रेकमधली हवा काढायला मला पेडलवर बसवलं. "पंप मारा ताई. धरा. धरून ठेवा. सोडा." ते चाकापाशी, मी आत. मी नुसती सांगतील तसं करत होते.

शेवटी म्हणाले, "आता इंजिन बंद ठेवून ब्रेक दाबत राहा."

पहिल्यांदा मऊ गेला. दुसऱ्यांदाही जरा मऊ. मग पेडल वर आलं आणि पायाखाली घट्ट झालं. मी जोर लावला. हलेना. दोन्ही पाय लावले, सीटला पाठ टेकून रेटलं. हलेना. टाचेखाली जणू फरशी.

"हे काय? बिघडला का नवाच?" मी विचारलं.

"बिघडला कुठं? इंजिन बंद आहे ना. आतली ओढ संपली. असंच होणार, दगड. म्हणून तर उतारावर गाडी बंद करायची नाही. डिझेल वाचवायला करतात लोक, न्यूट्रल मारतात, चावी बंद करतात, आणि खाली जातात ते सरळ वरती जातात. आता पाय तसाच दाबून ठेवा आणि चावी मारा."

या गाडीची चावी स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला आहे. मी पाय ताठ रेटलेला ठेवून डावा हात पुढे केला, चाचपला, चावी चिमटीत धरली आणि पिरगळली.

आणि तशीच राहिले. इंजिन सुरू झालं होतं, पायाखालचं पेडल आपोआप खाली बसत होतं, जणू माझ्या पायाशेजारी दुसऱ्या कुणी पाय ठेवून दाबलं. पण मी माझ्या हाताकडे बघत होते. ताठ उजवा पाय, पिरगळणारा डावा हात. पलंगावरचे नाना.

तो वाऱ्याचा आवाजही तेव्हाच आठवला. मी लहान होते, तिसरी-चौथीत, दोघांच्या मध्ये बसले होते. काका शेजारच्या सीटवरून वाकले, तळहातानं गिअर न्यूट्रलला ढकलला आणि चावी बंद केली. इंजिन गप्प. गाडी नुसती वाऱ्यावर खाली निघाली. "बघ पोरी, फुकटचा प्रवास!" काका हसत होते, मीही टाळ्या पिटत होते. नानांनी त्यांच्या हातावर फटका मारला आणि चावी फिरवली. तेव्हाही या गाडीचा स्टार्टर लहरी होता, मनात येईल तेव्हा लागायचा. त्या दिवशी लागला. खाली आल्यावर नानांनी गाडी थांबवली आणि भावाला असे बोलले की मी रडायला लागले. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हिची शपथ. परत नाय करणार."

माझी शपथ. आमच्याकडे डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर ती ज्याची घेतली त्याला भोवते. म्हणून नाना बोलले नाहीत. भावाच्या बायकोला काय सांगायचं, तुझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं चावी बंद केली? आणि मला काय सांगायचं, ज्यानं तुझ्या डोक्यावर हात ठेवला त्यानंच? त्यापेक्षा लोकांनी झोपला म्हटलेलं परवडलं. खोटंही नको म्हणून एवढंच सांगायचे, पेडल दगड झालं होतं. ते खरं होतं. पूर्ण खरं होतं.

चाचा खिडकीशी येऊन विचारत होते, "ताई, काय झालं? जोर जास्त आहे का?" मी मान हलवली. हलवली म्हणजे कशीतरी. दिंडोरी रस्त्यानं घरी येताना मी एकटी गाडीत मोठमोठ्यानं भांडत होते. काकांशी, "अहो, एवढं काय डिझेलचं पडलं होतं!" आणि नानांशीही, "मूग गिळून बसलात, मला तरी सांगायचं!" शेजारची सीट करकरत होती. ऐका, म्हटलं, तुम्हीपण ऐका.

घरी आल्यावर मी काय केलं असेल? गॅरेजमधून सोबत आणलेल्या जुन्या बूस्टरमधलं रबर काढलं, विळी घेतली आणि त्याला मधोमध चीर पाडली.

काकू ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी डबा आणि रबर तिच्यासमोर ठेवलं. "नानांच्या गाडीतलं आहे. उघडून बघितलं. रबर फाटलेलं होतं, काकू. पेडल खरंच दगड झालं होतं."

तिनं हात पदराला पुसले आणि रबर उचललं. चिरेच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. काकूनं उभा जन्म शिवणकाम केलंय. फाटलेली कड कशी असते आणि कापलेली कशी, हे तिच्या अंगठ्याला कळत नसेल तर कुणाला कळणार? ते माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. मी आपली बोलत सुटले, "कुणाचा दोष नव्हता. नानांचा नाही, कुणाचाच नाही."

"बरं," ती म्हणाली. रबराची घडी घातली आणि मांडीवर ठेवली. सोललेला लसूण वाटीत भरला. मग म्हणाली, "लेक बाळंत झालीय सुरगाण्याला. डिंकाचे लाडू केलेत. नेशील का मला? ह्याच गाडीतून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या सीटवर बसली, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन. काकांनंतर तिथे बसणारी ती पहिलीच. वणीपर्यंत लेकीचं बोलली, नातवाचं बोलली. घाट लागला तसा तिनं डबा पायाशी ठेवला. उतार सुरू झाला, मी गिअर खाली घेतला, नवा ब्रेक हलकासा दाबला, गाडी हुकमात होती. तेवढ्यात काकू वाकली आणि तिनं उजवा हात पुढे करून चावीवर ठेवला.

"काकू, काय करतेस?"

"काय नाय. चालू राहू दे." चावी मुठीत झाकून धरली होती तिनं. "चालू राहू दे, बंद नको व्हायला."

तशीच वाकून बसली ती. वळण आलं, खालचा साग आला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"भाऊजी झोपले नव्हते," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक व्हतं."

जे ऐकायला मी एवढी वर्षं जीव टाकला होता ते मी ऐकलं. "मग?" मी विचारलं.

"मग काय गं? माझ्या माणसाची सवय मला ठाऊक नसंल? त्यांना म्हटलं, डोळा लागला म्हणून कबूल करा. वाटलं, चिडतील, आणि खरं काय ते फेकतील माझ्या तोंडावर. म्हंजे मग मला रडता येईल. ते नाय बोलले. मलाबी नाय बोलता आलं." तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू चीर पाडलीस त्या रबराला. बापावर गेलीस."

मी समोर बघून गाडी चालवत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात सोडायची सोय नव्हती.

उतार संपला. सपाटीवर आल्यावर मी गाडी एका आंब्याखाली घेतली. काकूची मूठ अजून चावीवरच होती.

"त्या दिवशी त्यांचा हात धरला ना मी," ती म्हणाली, "तवा सांगायचं व्हतं. भाऊजी, सोडा आता. गाडी थांबलीय. एवढंच सांगायचं व्हतं गं, आणि तेबी नाय सांगितलं."

मी तिच्या मुठीवर माझा हात ठेवला. इंजिन आम्ही दोघींनीही बंद केलं नाही.